मराठी ब्लॉगचे स्वयंचलित प्रकाशन: इस्लापूरच्या एका नोंदवहीचे उदाहरण

स्टॅटिक साइट जनरेटर म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींपासून संकेतस्थळाची सगळी पाने एकदम तयार करणारा प्रोग्राम. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत वाचकाने पान मागितले की सर्व्हर डेटाबेसमधून मजकूर काढतो, साच्यात भरतो आणि पान त्या क्षणी तयार करून पाठवतो. जनरेटर हेच काम आधी आणि एकदाच उरकतो. गिऱ्हाईक आल्यावर पोळी लाटायची की सकाळीच डबे भरून ठेवायचे, एवढाच हा फरक. सर्व्हरला फक्त तयार डबा उचलून द्यायचा असतो. डेटाबेस नसतो, प्लगइन नसतात, त्यामुळे घुसखोरीला वाव कमी राहतो आणि पान मंद नेटवरही लवकर उघडते. त्याची किंमतही आहे: मजकुरात एक अक्षर बदलले तरी पाने पुन्हा तयार करून सर्व्हरवर चढवावी लागतात. हे काम दर वेळी हाताने करायचे म्हटले तर महिनाभरात कंटाळा येतो. म्हणून स्टॅटिक ब्लॉगला स्वयंचलनाची जोड जवळजवळ अपरिहार्यच असते.

या पद्धतीला आजचे रूप ‘जेकिल’ने दिले. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो २००८ मध्ये प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिया यांनी गो या भाषेत ‘ह्यूगो’ लिहिला. मजकूर लिहिण्याची सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे मार्कडाउन. ती जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडली. एकट्यादुकट्याने चालवायच्या मराठी ब्लॉगसाठी ह्यूगो सोयीचा पडतो. तो एका फायलीत मावतो, दुसरे काही बसवावे लागत नाही, जुन्या विंडोज संगणकावरही चालतो आणि शेकडो पाने काही सेकंदांत तयार करतो. पुढील विवेचन ह्यूगो, फायलींतील बदलांचा इतिहास ठेवणारा गिट आणि तो नेटवर साठवणारी गिटहब ही सेवा या तिघांना धरून आहे. क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा गिटलॅब वापरले तरी तत्त्व तेच राहते. आज्ञा आणि फायलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकात ती रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायची असतात.

उदाहरणासाठी नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर घेतले आहे. गावाजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड धबधबा आहे, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो आणि मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे. पावसाळ्यात विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगण अशा तिन्ही बाजूंनी लोक येथे येतात. या परिसराची एक नोंदवही ब्लॉगच्या रूपात चालवायची, असे गृहीत धरले आहे. तिच्यात तीन प्रकारचा मजकूर असेल: येणाऱ्यांसाठी वाट आणि सोयींची माहिती, गावातील कार्यक्रमांच्या सूचना आणि परिसराच्या इतिहासाच्या, झाडाझुडपांच्या, बोलींच्या सवडीने लिहिलेल्या नोंदी. नोंदवही काल्पनिक आहे, पण तिच्या अडचणी मराठीत ब्लॉग चालवणाऱ्या कोणालाही भेटणाऱ्या आहेत.

मांडणी

ह्यूगोच्या ‘न्यू साइट’ या आज्ञेने एक फोल्डर तयार होतो. त्यातील ‘कंटेंट’मध्ये लेख, ‘लेआउट्स’मध्ये साचे, ‘स्टॅटिक’मध्ये जशाच्या तशा जायच्या फायली, ‘डेटा’मध्ये तक्ते आणि ‘आर्किटाइप्स’मध्ये नव्या नोंदीचे कोरे नमुने राहतात. स्वयंचलनाची पहिली पायरी या शेवटच्या फोल्डरात आहे आणि बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. तीन प्रकारच्या नोंदींसाठी तीन नमुने करून ठेवावेत. सूचनेच्या नमुन्यात कार्यक्रमाची तारीख, ठिकाण आणि मुदत संपण्याची तारीख. वाटेच्या माहितीत ‘शेवटची तपासणी’. परिसराच्या नोंदीत माहिती सांगणाऱ्याची परवानगी घेतली की नाही याची ओळ. नवी नोंद उघडली की हे रकाने समोर येतात. काय भरायचे राहिले ते दिसत राहते, आठवत बसावे लागत नाही.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर शीर्षक, तारीख, विषय वगैरे सांगणारा शिरोभाग असतो. मराठी लेखकाची सुरुवातीची निम्मी अडखळ येथेच होते. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी आणि इंग्रजी अंकांत लागते. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि देवनागरी अंक पडले की ह्यूगोला ती तारीख वाटतच नाही. यामल पद्धतीच्या शिरोभागात टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच द्याव्या लागतात. शीर्षकात अपूर्णविराम असेल, उदाहरणार्थ ‘सहस्रकुंड: पावसाळ्यातील वाट’, तर सगळे शीर्षक अवतरणचिन्हांत घालावे, नाहीतर अपूर्णविरामापुढचा भाग म्हणजे नवीन रकान्याची किंमत, असा प्रोग्रामचा समज होतो. आणि अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाइप झाला तर डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, प्रोग्रामला मात्र ते अक्षर ओळखीचे नसते. ही चूक शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

मार्कडाउनच्या सवयीही इंग्रजीच्या आहेत. क्रमवार यादीसाठी इंग्रजी अंक आणि टिंब लागते, ‘१.’ असे देवनागरीत लिहिले तर यादी न होता साधा परिच्छेद उमटतो. ठळक किंवा तिरप्या अक्षरांसाठी तारांकन वापरावे, अधोरेषा टाळावी. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटून येतो आणि शब्दाच्या मध्ये आलेली अधोरेषा मार्कडाउन खूण मानत नाही. तारांकनालाही एक मर्यादा आहे. अवतरणचिन्हांसह शब्द ठळक केला आणि मिटत्या तारांकनांना लगेच ‘ला’ किंवा ‘चे’ जोडले, तर तारे तसेच छापले जातात. अशा वेळी प्रत्ययासह संपूर्ण शब्द ठळक करणे हाच सोपा उपाय.

पत्ता आणि वेळ

नोंदीच्या शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार होऊ देणे आकर्षक वाटते. पण देवनागरी अक्षर संगणकात तीन बाइटचे असते आणि पत्ता कॉपी करून पाठवला की प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन रोमन खुणांत उलगडतो. ‘इस्लापूर’ या शब्दात काना, उकार आणि हलंत धरून आठ खुणा आहेत. पत्त्यात त्यांच्या ७२ होतात. व्हॉट्सॲपवर असा पत्ता गेला की तो दुवा आहे की बिघाड, हे पाहणाऱ्याला कळत नाही. शिवाय ह्यूगोत पत्त्यांतील स्वरचिन्हे काढून टाकणारी एक सेटिंग आहे. ती युरोपीय भाषांसाठी आहे आणि मुळात बंद असते. कोणाच्या तरी तयार साच्याबरोबर ती चालू होऊन आली, तर हलंत आणि उकार गळून ‘इस्लापूर’चे ‘इसलापर’ होते. काना तेवढा टिकतो, कारण युनिकोडच्या वर्गवारीत तो वेगळ्या गटात आहे. त्यामुळे नमुन्यातच ‘स्लग’ हा रकाना ठेवून तेथे छोटे रोमन नाव द्यावे. शीर्षक मराठी, पत्ता रोमन, ही तडजोड मराठीपणाला बाधक नाही. देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. ते हौसेने घ्यायला हरकत नाही, पण फलकावर छापण्यासाठी आणि फोनवरून सांगण्यासाठी रोमन पत्ता बरोबर असलेला बरा.

वेळेचा घोटाळा याहून फसवा. ह्यूगो भविष्यातील तारखेची नोंद पानांत घेत नाही. ही सोय पुढे फार उपयोगी पडते, पण आधी ती चकवते. सेटिंगमध्ये कालक्षेत्र दिले नसेल तर नोंदीतील वेळ जागतिक प्रमाणवेळेची मानली जाते, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. इस्लापुरात सकाळी १० वाजता लिहून, त्यावर १० ची वेळ टाकून नोंद लगेच पाठवली, तर जागतिक प्रमाणवेळेत तेव्हा पहाटेचे साडेचारच वाजलेले असतात. नोंद ‘भविष्यातील’ ठरते आणि दुपारी साडेतीनपर्यंत कितीही वेळा पाने तयार केली तरी दिसत नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. सेटिंगमध्ये ‘टाइमझोन’ म्हणून ‘एशिया/कोलकाता’ नोंदवले की प्रश्न मिटतो. त्याच फायलीत भाषेचा संकेत ‘एमआर’ द्यावा आणि साच्यातील पानाच्या पहिल्या खुणेतही तोच उतरला आहे ना ते पाहावे. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात. पान मराठी आहे हे सांगितले तरच ते उमटतात, नाहीतर हिंदी वळण येते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेचे रूप ठरवून दिले, तरी ते पडद्यावर येणे या एका छोट्या खुणेवर अवलंबून आहे. साच्यात अक्षरांतील अंतर वाढवणारा नियम असेल तर तो काढावा. त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर मात्र इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडत नाहीत.

पाठवणे आणि तयार करणे

सगळा फोल्डर गिटच्या ताब्यात देऊन गिटहबवर ठेवला की लेखकाच्या वाट्याला तीन कामे उरतात: लिहिणे, ‘कमिट’ म्हणजे बदलाची नोंद करणे, आणि ‘पुश’ म्हणजे बदल वर पाठवणे. लिहायला नेट लागत नाही. हजार शब्दांचा मराठी लेख वीसेक केबीचा असतो, त्यामुळे रेंज आली की काही क्षणांत तो जातो. वीज आणि नेट यांचा भरवसा नसलेल्या गावात ही पद्धत अगदी चपखल बसते. अर्धवट गेलेला लेख नावाचा प्रकार येथे नाही. बदल पूर्ण पोचतो, नाहीतर पोचतच नाही. संगणक नसेल तर गिटहबच्या संकेतस्थळावर फोनवरूनही फाइल लिहिता येते, किंवा डिकॅप सीएमएससारखी फॉर्मची खिडकी जोडता येते. पूर्वी हिचे नाव नेटलिफाय सीएमएस होते. ती बसवायला थोडा खटाटोप आहे, पण लिहिणाऱ्यांपैकी कोणी शिक्षक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी गिट शिकायला तयार नसेल तर तो करावाच.

पुढचे काम ‘गिटहब ॲक्शन्स’चे. रेपॉझिटरीतील, म्हणजे गिटहबवर ठेवलेल्या या साठ्यातील, ठरलेल्या फोल्डरात एक फाइल ठेवायची आणि तिच्यात दोन गोष्टी सांगायच्या: काम कधी सुरू करायचे आणि क्रमाने काय करायचे. सुरुवातीसाठी तीन निमित्ते द्यावीत. पहिले, मुख्य शाखेवर बदल आला की. दुसरे, रोज ठरलेल्या वेळी. तिसरे, बटण दाबल्यावर. हे अडीनडीला लागते. कामांचा क्रम असा: फायली उतरवून घेणे, ह्यूगो बसवणे, तपासण्या करणे, पाने तयार करणे आणि ती ‘गिटहब पेजेस’ या गिटहबच्याच संकेतस्थळ-सेवेवर चढवणे. तपासणीत चूक निघाली तर साखळी तेथेच थांबते आणि वाचकांना आधीचेच स्थळ दिसत राहते. चुकीचे पान वर जाण्यापेक्षा जुने पान राहिलेले चालते.

या फायलीत ह्यूगोची आवृत्ती आकड्यासह लिहावी. ‘नेहमी नवीनतम’ असे लिहिणे सोयीचे दिसते, पण नव्या आवृत्तीत जुन्या साच्यांची एखादी आज्ञा बंद झाली की काही न बदलता एके दिवशी पाने तयार होणे थांबते. नोंदींवर ‘शेवटचा बदल’ गिटच्या इतिहासातून घ्यायचा असेल तर फायली उतरवताना संपूर्ण इतिहास मागवावा; एरवी फक्त शेवटचा बदल येतो आणि सगळ्या पानांवर एकच तारीख झळकते. स्थळ गिटहबच्या उपपत्त्यावर असेल तर मूळ पत्ता त्या उपपत्त्यासह लिहावा. पहिल्या दिवशी मजकूर दिसतो पण सजावट आणि चित्रे गायब असतात, त्याचे कारण बहुधा हेच निघते. दुसरे नेहमीचे कारण फोटोच्या नावात असते. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतील फरक जाणवत नाही, तयार करणाऱ्या लिनक्स संगणकाला जाणवतो. फोनमधील फोटोच्या नावाचे शेपूट कॅपिटल असेल आणि लेखात स्मॉल लिहिले असेल, तर घरी दिसलेला फोटो स्थळावर दिसत नाही.

रोजच्या ठरलेल्या वेळेमुळे ‘भविष्यातील नोंद’ ही अडचण सोय बनते. श्रावणातल्या चार नोंदी एका बैठकीत लिहून त्यांवर पुढच्या चार सोमवारांच्या तारखा टाकाव्यात. रोज पहाटेच्या फेरीत ज्या नोंदीची वेळ झाली असेल ती आपोआप पानांत येते. सूचनांच्या नमुन्यातील मुदतीची तारीख उलटली की ह्यूगो ती नोंद त्याच फेरीत वगळतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आरोग्य शिबिराची सूचना पहिल्या पानावर लोंबकळत राहत नाही. फेरीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी: पहाटे ६ वाजून १० मिनिटांसाठी मिनिट ४०, तास शून्य आणि उरलेल्या तीन जागी तारांकने. तासाच्या ठोक्यावरची वेळ टाळावी. त्या क्षणी जगभरच्या फेऱ्या एकदम सुटतात आणि आपली मागे पडते. सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब ठरलेल्या फेऱ्या बंद करतो, हेही ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात नोंदवही झोपली आणि जूनसाठी आधीच लिहून ठेवलेली नोंद आली नाही, तर गिटहबवर जाऊन फेरी पुन्हा चालू करावी लागते.

या सगळ्याला पैसे लागत नाहीत. सार्वजनिक रेपॉझिटरीसाठी ॲक्शन्स मोफत आहे. पेजेसवर स्थळाचा आकार १ जीबीपर्यंत आणि वाहतूक महिन्याला १०० जीबीपर्यंत अपेक्षित आहे. मजकुराने ही मर्यादा गाठणे अशक्यच. फोटोंनी मात्र ती दोन पावसाळ्यांत गाठता येते.

फोटो

फोनवरचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो तसाच गिटमध्ये टाकला की नंतर पुसला तरी इतिहासात राहतो आणि रेपॉझिटरी फुगतच जाते. ह्यूगो पाने तयार करताना फोटोंच्या लहान, वेबपी स्वरूपातील आवृत्त्या करू शकतो. साच्यात एकदा तशी योजना केली की लेखकाला फक्त फोटोचे नाव लिहावे लागते. तरीही मूळ फोटो रेपॉझिटरीत जाण्यापूर्वीच १६०० पिक्सेल रुंदीपर्यंत उतरवावा आणि त्यातील जागेची नोंद पुसावी. यामागे जागेपेक्षा मोठे कारण आहे. फोनचा फोटो आपल्याबरोबर तो काढल्याची जागा अक्षांश-रेखांशांसह घेऊन फिरतो. धबधब्याच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही. पण एखाद्या कोलाम वस्तीतल्या घराच्या, जंगलातल्या दुर्मीळ वनस्पतीच्या किंवा घरट्याच्या फोटोत बिघडू शकते. ह्यूगोने केलेल्या लहान आवृत्तीत ही माहिती उरत नाही, मूळ फाइलमध्ये उरते, आणि मूळ फाइल सर्वांना खुली असते.

दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की सोबत जे छोटे चित्र आणि शीर्षक दिसते, त्यासाठी साच्यात ‘ओपन ग्राफ’च्या चार ओळी लागतात. गावात ब्लॉगचा खरा वाचक तेथूनच येतो, म्हणून या ओळी चुकवू नयेत. त्या चित्रावर शीर्षकाची अक्षरे आपोआप उमटवण्याची सोय ह्यूगोत आहे, पण मराठीसाठी ती वापरू नये. चित्रावर अक्षरे काढताना तो जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटीचे नियम पाळत नाही: ‘किनवट’मधील वेलांटी ‘क’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाते आणि ‘सहस्रकुंड’ हलंतासह सुटे सुटे दिसते. साधा फोटो पुरेसा आहे.

मराठीसाठीच्या तपासण्या

स्वयंचलनाचा सर्वांत मोठा फायदा पाने चढवण्यात नाही, या टप्प्यात आहे. पाने चढवणे कोणत्याही भाषेत सारखेच; मराठी मजकुराच्या दुखण्यांवर मात्र तयार औषध मिळत नाही, ते स्वतः घोटावे लागते. पायथनमध्ये शंभरेक ओळींचा प्रोग्राम त्यासाठी पुरतो. प्रत्येक फेरीत तो सगळ्या नोंदींवरून फिरतो आणि सापडलेल्या चुका फाइल व ओळीच्या क्रमांकासह सांगतो.

पहिले दुखणे एकाच अक्षराच्या अनेक लेखनांचे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या सवयीने आणि काही कीबोर्डांच्या कृपेने ‘ॲ’ आजही तीन प्रकारांनी टाइप होतो: स्वतंत्र अक्षर, ‘अ’वर अर्धचंद्र, आणि हिंदीतला ‘ऍ’. ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’ यांतील अर्धा ‘र’ही दोन प्रकारे येतो, एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून आणि एकदा ‘र’, हलंत व न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. शोध घेतला तर एक सापडते आणि दुसरे नाही. विषयांच्या सूचीत तर एकच शब्द दोनदा येतो, दोन्ही खाली वेगवेगळे लेख घेऊन. तपासणी-प्रोग्रामने सगळ्याचे एक ठरलेले रूप करून द्यावे. युनिकोडचे ‘एनएफसी’ प्रमाणीकरण चालवले की ‘र’ आणि नुक्ता असे लिहिलेला ‘ऱ’ एकरूप होतो, पण अदृश्य जोडकाचा अर्धा र आणि ‘ॲ’चे प्रकार त्याने सुटत नाहीत, त्यांच्यासाठी अदलाबदलीच्या चार ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात.

दुसरे दुखणे विसर्गाचे. ‘दुःख’, ‘निःशब्द’, ‘विशेषतः’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करण्याची सवय इतकी जुनी आहे की छापील मजकुरातही ती दिसते. दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर आणि मध्ये अपूर्णविराम असेल तर तो विसर्गच असणार, असे प्रोग्राम बेलाशक मानू शकतो. शब्दाच्या शेवटी मात्र त्याला कळत नाही. त्यासाठी ‘स्वतः’, ‘अंशतः’, ‘साधारणतः’ अशा शब्दांची छोटी यादी जवळ द्यावी.

तिसरी तपासणी भाषेची नसून माणसांची आहे. सहा ते नऊपैकी एखाद्या अंकाने सुरू होणारा दहा अंकी आकडा दिसला तर तो बहुधा कोणाचा तरी मोबाइल क्रमांक असतो, बारा अंकी दिसला तर आधार क्रमांक असू शकतो. लाभार्थ्यांची यादी नकलून टाकताना असे आकडे सहज आत येतात. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंकांत शोध घेऊन प्रोग्रामने साखळी थांबवावी. एक गोष्ट मात्र ही तपासणी वाचवू शकत नाही: सार्वजनिक रेपॉझिटरीत पोचलेला मजकूर तपासणीआधीच उघडा झालेला असतो. ‘ड्राफ्ट’ अशी खूण केलेला लेख स्थळावर दिसत नाही, पण रेपॉझिटरी उघडून कोणीही वाचू शकतो. म्हणून हाच प्रोग्राम लेखकाच्या संगणकावर, कमिट होण्याच्या क्षणी, गिटच्या ‘हुक’मधूनही चालवावा. कच्चे लेखन खरोखर खासगी ठेवायचे असेल तर वेगळ्या, खासगी रेपॉझिटरीत ठेवावे.

व्याकरणशुद्धी या प्रोग्रामकडून करून घेण्याचा मोह टाळावा. किनवटकडचा माणूस बोलताना जे शब्द वापरतो, त्यांतले कितीतरी प्रमाण कोशांत नाहीत. गोंडी, कोलामी, गोरबोली आणि तेलुगूतून आलेले शब्द तर नाहीतच. शब्दकोशाने लाल रेघ ओढलेला प्रत्येक शब्द दुरुस्त केला तर परिसराच्या नोंदवहीत परिसर उरणार नाही. अशा शब्दांची वेगळी फाइल वाढवत न्यावी. कालांतराने तीच या उपक्रमातली सर्वांत मोलाची फाइल ठरू शकते.

तक्त्यांपासून पाने

एसटीच्या वेळा, आठवडी बाजार, यात्रांच्या तिथी अशी माहिती लेखात लिहू नये, तक्त्यात ठेवावी. ‘डेटा’ फोल्डरातील एका ओळीत बदल केला की ती माहिती जेथे जेथे येते ती सगळी पाने पुढच्या फेरीत बदलतात. २०२४ च्या मे महिन्यापासून ह्यूगो तक्त्याच्या प्रत्येक ओळीपासून स्वतंत्र पानही तयार करू शकतो. तालुक्यातील गावांचा तक्ता असेल तर प्रत्येक गावाचे पान हाताने न लिहिता मिळते. पण हे हात आखडून वापरावे. नाव आणि पिनकोड एवढीच माहिती असलेली शंभर पाने वाचकाला उपयोगी नसतात आणि शोधयंत्रांनाही आवडत नाहीत. ज्या गावाविषयी निदान दोन परिच्छेद लिहिता येतात त्यालाच पान द्यावे. तेलंगणातून येणाऱ्यांसाठी वाटेच्या माहितीचे पान तेलुगूतही ठेवता येते. ह्यूगोत फायलीच्या नावापुढे भाषेचा संकेत जोडला की तो दोन्ही पाने एकमेकांशी बांधतो. भाषांतर मात्र ती भाषा येणाऱ्या माणसाकडून करून घ्यावे.

या व्यवस्थेने काय करू नये, तेही ठरवून ठेवावे. दिवसातून एकदा तयार होणारी पाने पैनगंगेच्या पुराची बातमी देण्याच्या कामाची नाहीत. पाणी वाढल्याचा इशारा नोंदवहीत देऊ लागले तर ते उतरल्यावरही तो तसाच राहील, किंवा वाढल्यावरही येणार नाही. सहस्रकुंडच्या पानावर पाऊस चालू असताना कठड्यापलीकडे न उतरण्याची कायमची सूचना असावी आणि त्या दिवसाच्या परिस्थितीसाठी प्रशासनाच्या सूचना पाहाव्यात, एवढे लिहावे.

वाटेच्या माहितीतील ‘शेवटची तपासणी’ या रकान्याचा उपयोग जुनी झालेली पाने ओळखण्यासाठी होतो. साखळीत आणखी एक पायरी घालून, ज्या पानांची तपासणी वर्षापूर्वीची आहे त्यांची यादी महिन्याच्या पहिल्या तारखेला लेखकांकडे पाठवावी. पान आपोआप काढू नये, बदलूही नये. रस्ता दुरुस्त झाला की नाही, हॉटेल चालू आहे की बंद, हे जाऊन पाहणाऱ्यालाच कळते.

शेवटी खात्याची व्यवस्था. अशी स्थळे बंद पडतात ती बहुतेकदा तांत्रिक बिघाडाने नव्हे. चालवणारा मुलगा शिकायला किंवा नोकरीला पुण्याला जातो, त्याचा फोन बदलतो आणि दुहेरी सुरक्षेचा संकेत मिळेनासा होतो. रेपॉझिटरी एकाच्या खात्यावर न ठेवता गिटहबवर ‘ऑर्गनायझेशन’ उघडून किमान दोघांना तिचे मालक करावे. दोघांचे पुनर्प्राप्ती संकेत कागदावर छापून वेगवेगळ्या घरी ठेवावेत, आणि डोमेन घेतले असेल तर त्याच्या नूतनीकरणाची तारीख त्याच कागदावर लिहावी.